हिमाची तारीख

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. रसवंतीच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी म्हणजे बर्फ, आणि काश्मीरला जाऊन आलेले शेजारी ज्याचे फोटो दाखवतात तोही बर्फच. ज्या प्रदेशात आभाळातून पाण्याखेरीज फार तर गारा पडतात, तिथल्या भाषेला याहून अधिक शब्दांची गरज पडली नसावी. ‘हिम’ हा शब्द आपल्याकडे आहे. पण तो हिमालय, हिमवर्षाव अशा जोडशब्दांतच अधिक वावरतो. या लेखापुरते आपण आभाळातून पडणाऱ्या, हवेने भरलेल्या मऊ पदार्थाला हिम म्हणू आणि घट्ट गोठलेल्या पाण्याला बर्फ. हा भेद करायला हवा, कारण स्कीइंग चालते ते हिमावर. बर्फावर हाडे मोडतात.

पायांना दोन लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्याच्या या खेळाभोवती गेल्या दीडशे वर्षांत सुटीचा एक प्रचंड व्यवसाय उभा राहिला आहे. युरोपातली आल्प्सची खेडी, अमेरिकेतले रॉकी पर्वत, जपानचे होक्काइडो बेट आणि आपल्याकडचे गुलमर्ग, औली, सोलंग नाला या साऱ्यांना त्याने जोडले आहे. या व्यवसायाची मूळ अडचण मात्र साधी आहे. सुटी ही तारखेची वस्तू आहे. रजा, विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली, शाळेची नाताळची सुटी हे सगळे तारखेने ठरते आणि हिम तारीख पाळत नाही. स्कीइंगच्या सुटीचा इतिहास म्हणजे हिमाला तारखेला बांधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. या प्रयत्नांनी अनिश्चितता संपत नाही. ती एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. ती शेवटी कोणाच्या अंगावर येऊन थांबते, हा प्रश्न या लेखामागे आहे.

गरजेपासून गंमतीपर्यंत

‘स्की’ हा शब्द नॉर्वेजियन आहे. त्याचे मूळ, लाकूड चिरून काढलेली फळी या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात आहे. उत्तर युरोपात हजारो वर्षे स्की हे खेळणे नव्हते, वाहन होते. गुडघाभर हिमात माणूस रुततो, याचे कारण त्याचे सारे वजन दोन तळपायांवर पडते. तेच वजन दीड-दोन मीटर लांबीच्या दोन फळ्यांवर पसरले की दाब सहा-सात पटींनी कमी होतो आणि माणूस वरच्या वर राहतो. शिकारीला जायचे, लाकूडफाटा आणायचा, शेजारच्या वस्तीवर जायचे, तर स्की हव्यातच.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइम या माणसाने टाच घट्ट धरणारी बांधणी रूढ केली. त्याआधी स्की फक्त चवड्याशी अडकवलेली असे. सरळ चालायला ती ठीक, पण वळायला कठीण. टाच बांधली गेल्यावर उडी मारणे, वळणे, उतारावर वेग आवरणे शक्य झाले आणि वाहनाचा खेळ झाला. १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन याने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्याच्या प्रवासवर्णनाने साऱ्या युरोपला स्कीचे वेड लावले.

आल्प्सची गोष्ट वेगळी होती. तिथल्या शेतकऱ्याला हिवाळा म्हणजे कोंडवाडा. पर्यटक यायचे ते उन्हाळ्यात. सेंट मॉरिट्झच्या योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाबद्दल एक आख्यायिका सांगतात. १८६४ च्या उन्हाळ्याअखेर त्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली : हिवाळ्यात या, इथले ऊन तुम्हाला आवडले नाही, तर तुमच्या प्रवासाचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले, असे ही आख्यायिका म्हणते. तिच्यातले दोन तपशील लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पैज उन्हावर होती, हिमावर नव्हती. आणि हवामानाचा धोका हॉटेलमालकाने स्वतःच्या खिशावर घेतला होता.

पुढे दावोस हे क्षयरोग्यांचे गाव झाले. कोरडी थंड हवा फुफ्फुसांना मानवते, अशी तेव्हा समजूत होती. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल आजारी पत्नीला घेऊन तिथेच आला होता. १८९४ च्या मार्चमध्ये त्याने स्थानिक ब्रांगर बंधूंबरोबर स्कीवरून डोंगर ओलांडून दावोसहून आरोसा गाठले आणि त्याचे वर्णन ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिले. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीइंगसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत त्याने त्यात केले होते. ते खरे ठरायला फार काळ लागला नाही. १९२२ मध्ये आर्नल्ड लन याने म्युरेन इथे आधुनिक स्लालम शर्यत भरवली, १९२४ मध्ये शामोनी इथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅली इथे खुर्च्यांचा पहिला पाळणा सुरू झाला. तो बनवणाऱ्या अभियंत्याला ती कल्पना जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. घडाच्या जागी खुर्ची आली. तोवर दिवसभर चढून एकदा उतरायचे असे. आता दिवसात वीस वेळा उतरता येऊ लागले.

घसरण्यातली गंमत

स्की हिमावर घसरते कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माणसाच्या वजनाच्या दाबाने हिम वितळते आणि त्या पाण्यावरून स्की सरकते, असे बराच काळ सांगितले जाई. गणित मांडले तर हा दाब फारच तोकडा पडतो. आताच पाहिले की स्कीचे कामच मुळी दाब कमी करणे हे आहे. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या उंचीवर प्रयोग करून दाखवले, की इथे मुख्य काम घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे आहे. स्कीच्या तळाशी पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणासारखा वागतो. म्हणूनच फार कडक थंडीत, उणे वीस-पंचवीसला, हिम वाळूसारखे खरखरीत लागते, स्की पुढे जाता जात नाही. उलट वसंतातल्या ओल्या हिमात पाणी जास्त होऊन स्की चिकटते. दर तापमानाला वेगळे मेण स्कीच्या तळाला घासतात, ते यासाठीच.

नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते थांबायला. दोन्ही स्कींची टोके जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची, आतल्या कडा हिमात रुतवायच्या. नांगरासारखा आकार होतो आणि वेग मरतो. यापुढची शिकवण शरीराच्या साऱ्या उपजत बुद्धीविरुद्ध जाते. उतारावर भीती वाटली की माणूस डोंगराकडे, मागे रेलतो. मागे रेलले की वजन स्कीच्या शेपटावर जाते, पुढचा भाग हलका होऊन ताबा सुटतो आणि माणूस आपटतो. ताबा हवा असेल, तर ज्या दरीची भीती वाटते तिच्याचकडे छाती करून पुढे झुकावे लागते. हे एकदा अंगी उतरले, की उतार अडथळा राहत नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन ढकलत वळणे घेत खाली येणे हा झोपाळ्याच्या जवळचा आनंद आहे. इथेही शक्ती आपली नसते, गुरुत्वाकर्षणाची असते. आपण फक्त योग्य क्षणी अंग झुकवायचे. चाळिशी उलटलेली शहाणीसुरती माणसे हिमात तोंडावर पडून खदखदून हसताना दिसतात, कारण ताज्या हिमात पडणे बहुधा लागत नाही.

पण हा आनंद हिमाच्या जातीवर अवलंबून असतो. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन पन्नास ते शंभर किलो भरते. म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. त्यातून जाताना कापसातून गेल्यासारखे वाटते. दोन दिवस ऊन पडले, रात्री गोठले, की त्याच जागी काचेसारखी साय धरते. वर पाऊस पडला तर लगदा होतो. एकाच उतारावर सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला तीन वेगळे खेळ खेळावे लागतात. मुरलेला स्कीपटू निघण्याआधी आभाळ, वारा आणि उताराची दिशा पाहतो, ते उगाच नाही.

काश्मीरची नक्षत्रे

आता गुलमर्गला येऊ. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण इंग्रजांचे उन्हाळ्याचे ठिकाण होते. १९२७ मध्ये इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या अखेरीस लष्कराने इथेच स्कीइंगचे प्रशिक्षण सुरू केले. आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल त्यातूनच वाढले. १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडुरीपर्यंत आणि २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर पोचला. जगातल्या स्कीपटूंना गुलमर्गचे नाव माहीत झाले ते या दुसऱ्या टप्प्यामुळे. इतक्या उंचीवर नेऊन सोडणारे पाळणे जगात थोडे आहेत, आणि तिथून खाली येणारे बरेचसे उतार न सारवलेले, नैसर्गिक हिमाचे आहेत.

हे हिम येते कुठून? आपल्या मनातला भारतीय पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. काश्मीरचे हिवाळी हिम पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र यांच्या परिसरात उगम पावणारी कमी दाबाची क्षेत्रे उच्च थरातल्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला धडकतात. वाटेत कास्पियन समुद्राची, कधी अरबी समुद्राचीही वाफ त्यांना मिळते. हवामानखाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. हिवाळ्यात महिन्याकाठी असे साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. काही भरलेले असतात, काही कोरडेच निघून जातात. त्यांचा महाराष्ट्राशी संबंध नाही असे समजू नये. ते गेल्यावर मागून येणारे उत्तरेचे गार वारे निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात होणाऱ्या गारपिटीतही त्यांचा हात असतो.

मॉन्सून हा एक मोठा प्रवाह आहे. चार दिवस रुसला तरी हंगामात येतोच. विक्षोभ हे सुटे सुटे पाहुणे आहेत. चार-पाच भरलेले विक्षोभ चुकले, की हंगाम हातचा गेला. शिवाय विक्षोभ येऊन भागत नाही, हवा पुरेशी गार असावी लागते. उंचीच्या दर किलोमीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गुलमर्गच्या मैदानात दोन अंश तापमान असेल, तर १,३०० मीटर वर अफरवटला उणे सहाच्या आसपास असणार. एकाच ढगातून वर भुरभुरीत हिम आणि खाली पावसाची रिपरिप पडते. हवा एक अंशाने तापली, की ही सीमारेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. आल्प्समधली कित्येक जुनी खेडी या दीडशे-तीनशे मीटरच्या पट्ट्यातच अडकली आहेत.

आपला शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांनी पाऊस मोजतो, तशी काश्मिरी माणसाची थंडीची मोजणी आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, धाकटी. शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. या मोजणीत अनुभवाचे शहाणपण आहे. चिल्लई कलांमध्ये पडलेले हिम कडक थंडीत थरावर थर साचून टिकते आणि उन्हाळ्यापर्यंत ओढ्यांना पाणी पुरवते. फेब्रुवारीअखेर तेवढेच हिम पडले तरी वर चढणारे ऊन ते लवकर वितळवते. म्हणून किती पडले याइतकेच कधी पडले, हेही महत्त्वाचे. तांबेऱ्याच्या दिवसांत आलेला पाऊस आणि पेरणीच्या वेळचा पाऊस यांत आपला शेतकरी जो फरक करतो, तोच हा.

२०२४ च्या जानेवारीत चिल्लई कलां जवळपास कोरडा गेला. गुलमर्गचे मैदान, जिथे कंबरभर हिम असायचे, तिथे पिवळे पडलेले गवत होते. हिम आले ते महिना संपताना, आणि फेब्रुवारीत जोराने. त्यामुळे २१ फेब्रुवारीपासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होऊ शकल्या. पुढच्या वर्षी तेही साधले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या स्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाल्या.

हिमाचा कारखाना

हिम पडत नसेल, तर ते बनवावे, हा विचार अमेरिकेत १९५० च्या सुमारास प्रत्यक्षात आला. स्कीच बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीतल्या तिघा तंत्रज्ञांनी पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र फवारून कनेटिकटमध्ये पहिली हिमतोफ चालवली. तत्त्व आपल्या माठाचे आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. हिमतोफेतून उडालेल्या बारीक थेंबांतलेही थोडे पाणी उडून जाते आणि उरलेला थेंब गोठून खाली पडतो. पावसाळ्यात माठ नीट गार होत नाही, कारण हवा आधीच ओली असते. त्याचप्रमाणे हिमतोफेलाही कोरडी हवा लागते. शून्य अंशाला हवा कोरडी असेल तर हिम बनू शकते, आणि उणे एकलाही हवा ओलसर असेल तर बनत नाही. म्हणजे हिम बनवण्याचे यंत्रही शेवटी हवामानाच्या परवानगीनेच चालते. उबदार, दमट डिसेंबरमध्ये, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, ते गप्प बसते.

शिवाय त्याला पाणी लागते. यंत्राचे हिम दाट असते, घनमीटरला चारशे किलो किंवा अधिक. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटरचा पाया घालायचा तर ३,००० घनमीटर हिम, म्हणजे सुमारे १२ लाख लिटर पाणी हवे. मराठवाड्याच्या हिशेबात सांगायचे, तर दहा हजार लिटरचे १२० टँकर, एका हेक्टरला. आल्प्समध्ये त्यासाठी डोंगरमाथ्यांवर तळी खणली गेली आहेत. इटलीतल्या स्कीउतारांपैकी सुमारे ९० टक्क्यांवर आज यंत्रांची सोय आहे. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक भागावर. २०२२ चे बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक तर जवळपास सगळेच यंत्राच्या हिमावर झाले. १९६४ मध्ये इन्सब्रुकला हिम कमी पडले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून हजारो घनमीटर हिम वाहून आणले होते. दावोसमध्ये आता उन्हाळाभर हिमाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली साठवून ठेवतात आणि शरदात पसरतात. ही युक्ती मुंबईला नवी नाही. १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजाने मुंबईत उतरणारा बर्फ भुशातच टिकवलेला असे.

यंत्रे किती काळ साथ देतील, याचा अंदाज २०२३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासावरून करता येतो. संशोधकांनी २८ युरोपीय देशांतली २,२३४ स्कीकेंद्रे तपासली. जगाचे तापमान दोन अंशांनी वाढले, तर यंत्रांवाचून यांतल्या ५३ टक्के केंद्रांना हिमटंचाईचा अतितीव्र धोका आहे. निम्म्या उतारांवर यंत्रे वापरली, तर हे प्रमाण २७ टक्क्यांवर येते. म्हणजे यंत्रे उपयोगी आहेतच, पण ज्याला पाणी, वीज आणि भांडवल परवडते त्यालाच.

हिमालयात हे गणित अधिक अवघड आहे. उत्तराखंडातल्या औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने हिमतोफा आल्या, त्यांच्यासाठी माथ्यावर तळे झाले. तरीही हिमाअभावी तिथल्या स्पर्धा पुढे ढकलण्याची वा रद्द करण्याची वेळ पुनःपुन्हा आली. त्यातच औलीच्या पायथ्याचे जोशीमठ २०२३ च्या जानेवारीत खचू लागले, घरांना भेगा पडल्या आणि जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. मुळातच जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेल्या अशा डोंगरावर पाणी साठवायचे, मुरवायचे, फवारायचे, तर त्याचा विचार आल्प्सच्या नकलेने करून चालणार नाही.

उशिरा आलेले हिम

हिमाची अनिश्चितता म्हणजे नुसती टंचाई नव्हे. उशिरा आणि एकदम आलेले हिम अधिक धोक्याचे असते, आणि त्याचे कारण आधीच्या कोरडेपणातच दडलेले असते. सुरुवातीला थोडेसेच हिम पडले आणि मग दीर्घ, निरभ्र थंडी राहिली, की खालची जमीन उबदार आणि वरची हवा गारठलेली अशी स्थिती होते. वाफ हिमातून वर सरकते आणि तळाशी जाड साखरेसारखे सुटे, रवाळ दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. या रव्यावर नंतर मीटरभर जड हिम पडले, की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ते सारे ओझे एका स्कीपटूच्या वजनानेही निसटू शकते. हिमस्खलन म्हणतात ते हेच. २०२४ मध्ये असेच कोरड्या जानेवारीमागून भारी हिम आले, आणि स्पर्धा चालू असतानाच, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. आदल्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवटला दोन पोलिश स्कीपटू दगावले होते.

सुटीच्या तारखेचा दाब इथे जिवावर बेततो. तीन आठवडे हिमाची वाट पाहिलेल्या, परतीचे तिकीट हातात असलेल्या माणसाला ताजे हिम दिसल्यावर ‘आज आणि उद्या थांब, थर बसू दे’ हे ऐकवत नाही. डोंगराला मात्र त्याच्या तिकिटाची तारीख ठाऊक नसते.

हिशेब कोण चुकवतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपात आज बाद्रुटची पैज कोणी लावत नाही. पैसे आगाऊ भरावे लागतात. हिम नसल्याने उतार बंद राहिले तर भरपाई देणारा विमा ब्रिटनमधला पर्यटक विकत घेऊ शकतो. केंद्रचालक यंत्रांत पैसे घालतो आणि पासाची किंमत वाढवतो. कामगाराला थोडाफार बेकारभत्ता असतो. अनिश्चितता अनेक खांद्यांवर वाटली जाते. निसर्गाच्या खांद्यावरही बरीच.

गुलमर्गात असे वाटेकरी नाहीत. तिथे येणारे बहुसंख्य भारतीय पर्यटक, त्यांत पुण्या-मुंबईची कुटुंबे पुष्कळ, स्कीइंगला नव्हे तर बर्फ बघायला येतात. ते तंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्याने घेतात, घोड्यावर बसतात, लाकडी घसरगाडीवर बसून कोणाकडून तरी ओढून घेतात, तासाभरासाठी स्की पायाला बांधून फोटो काढतात. कोटवाला, घोडेवाला, घसरगाडी ओढणारा, स्की शिकवणारा तरुण, यांतल्या प्रत्येकाची वर्षाची मिळकत अडीच-तीन महिन्यांत उभी राहते. राजकीय अशांतता आणि हिंसाचार यांची टांगती तलवार तर आहेच; त्यात हिम चुकले की खोली रद्द होते, आणि रद्द झालेल्या खोलीबरोबर ज्याचे कुठेच आरक्षण नसते त्या माणसाचा रोजही रद्द होतो. याच तंगमर्ग परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधला भारताचा एकमेव खेळाडू होता. वडिलांचे स्कीसामानाचे दुकान ही त्याची पहिली शाळा. अशी दुकाने हंगामावर जगतात. ती बंद पडली तर पुढचा आरिफ खान कुठे शिकणार?

आणि नुकसान सुटीपुरते थांबत नाही. ज्या हिमावर पर्यटक घसरतो, तेच एप्रिल-मेमध्ये वितळून झेलमच्या ओढ्यानाल्यांत उतरते, भाताला आणि सफरचंदाच्या बागांना मिळते. सफरचंदाच्या झाडाला बहर येण्यासाठी हिवाळ्याची पुरेशी थंडीही लागते. जानेवारीत कोरडे पडलेले गुलमर्ग पाहून पर्यटकाची सहल फुकट जाते. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तीच बातमी जूनमधल्या पाण्याची असते.

करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत, पण आहेत. स्पर्धांचे वेळापत्रक ठोस तारखेऐवजी तीन-चार आठवड्यांच्या पट्ट्यात आखता येईल. २०२५ मध्ये जे नाइलाजाने झाले, ते ठरवून करता येईल. शिकवण्याचे उतार मैदानाऐवजी कोंगडुरीच्या उंचीवर नेता येतील. घसरगाडी ओढणाऱ्यांना आणि मार्गदर्शकांना, आपल्याकडे पीकविमा असतो तसा, हिमाच्या मोजणीवर आधारलेला विमा देता येईल. आणि ज्यांना सुटी बदलणे परवडते त्यांनी स्थानिकांना विचारून, थोडी मोकळी तारीख ठेवून निघावे. हिम नसेल त्या वर्षीही गुलमर्गात देवदारांची राने असतात, चालायच्या वाटा असतात आणि वाट दाखवणारी माणसे असतात. त्या दिवसाची त्यांची मजुरी हिम असतानाच्या मजुरीइतकीच द्यायला हरकत नाही.